रात्रपाळीच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मला फ्रंट ऑफिस मॅनेजर केलं. अभिनंदनाच्या मेलमध्ये जीएमसाहेबांपासून एचआरपर्यंत सगळ्यांचे आभार मानले गेले, तुमचे राहिले. नाइट ऑडिटरचं नाव तसंही कुठे येत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो, हॉटेलात तारीख रात्री बाराला बदलत नाही. रेस्टॉरंट-बारची शेवटची बिलं यायची, खोल्यांवर भाडं आणि जीएसटी चढवायचा, रोकड, कार्ड, कंपन्यांची उधारी जुळवायची. मग कुठे नाइट ऑडिटर कॉम्प्युटरवर दिवस बंद करतो. काका हे काम करता करता आमच्यासारख्या नवख्या ड्युटी मॅनेजरांनाही सांभाळायचे.

आपली कंपनी कडक. सकाळच्या ब्रीफिंगला गेस्टची तक्रार वाचली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ड्युटीवर कोण होतं?’ तुमच्या लॉगबुकात मात्र नाव कधीच नसायचं. ‘४१२, रात्री १.४०, एसीतून पाणी. इंजिनिअरिंगचा एकच माणूस, तो लिफ्टकडे अडकलेला. २.०५ ला गेस्टला ४१८ मध्ये हलवलं.’ एवढंच. कोणाला धरायचं ते त्यातून कळत नसे, पण रात्री एका माणसावर भागत नाही हे कळायचं. अशा नोंदी साठत गेल्या आणि इंजिनिअरिंगला रात्रीचा दुसरा माणूस मिळाला. ब्रीफिंगमध्ये कितीही आवाज चढवून तो मिळाला नसता.

आणि ती पावसाची रात्र. विमानतळाजवळचं हॉटेल, विमानं रद्द झालेली, जाणारे गेस्ट खोल्या सोडेनात, एअरलाइनचा क्रू दारात, आणि आपण नेहमीप्रमाणे ओव्हरबुक. काही जण येणारच नाहीत असं धरून रेव्हेन्यूवाले जास्तीच्या खोल्या विकतात. त्या रात्री सगळे आले. कोणाला तरी ‘वॉक’ करणं, म्हणजे दुसऱ्या हॉटेलात पाठवणं, भाग होतं. तुम्ही यादी पुढ्यात ओढून पेन्सिलीने खुणा केल्यात. लेकुरवाळे नाहीत, म्हातारी माणसं नाहीत, एकटी बाई तर नाहीच. एका रात्रीपुरता आलेला एकटा पुरुष चालेल. मग पवईपासून वाशीपर्यंतच्या रात्रपाळीवाल्यांना फोन सुरू. दिवसा सेल्सची माणसं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात, रात्रीची माणसं एकमेकांना खोल्या देतात, हे मी तेव्हा पाहिलं.

तिथलं भाडं आणि गाडी आपल्या खर्चाने, हे कंपनीच्या नियमांत होतं. छत्री धरून गेस्टला गाडीपर्यंत पोचवायचं, हे तुमच्या पदरचं. बोलायला मात्र मलाच पुढे केलंत. म्हणालात, ‘मी मागे उभा आहे. माफी एकदाच माग, आणि लगेच गाडी कुठे उभी आहे ते सांग. सारखं सॉरी म्हटलं की माणूस जास्त चिडतो.’ एक साहेब तरीही चिडलेच. त्यांचा आवाज चढल्यावर तुम्ही नुसते माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. तेवढ्याने माझ्या पायांचं कापणं थांबलं.

व्यवस्थापनाची ट्रेनिंगं नंतर खूप झाली, एसी हॉलमध्ये, बुफेसकट. यादीवर पेन्सिल कशी फिरवायची ते तिथे कोणी दाखवलं नाही.

आता आमच्या लॉगबुकातही नावं लिहायची नाहीत असं मी सांगून ठेवलंय. वरून विचारणा होते, नाही असं नाही. तेव्हा माझं नाव सांगतो. डिपार्टमेंट माझं आहे.

तुम्ही गणपतीला कुडाळला बोलावलं होतंत. आपल्या धंद्यात गणपती, दिवाळी आणि ३१ डिसेंबरला रजा मागणारा अजून जन्मायचाय, हे तुम्हाला वेगळं काय सांगू! शिमग्याला चार दिवसांचा अर्ज टाकलाय, सही व्हायची आहे. झाली की कोकणकन्येचं तिकीट काढून फोन करतो. दिवसाच करेन, आता तरी तुम्ही रात्री झोपत असाल.

काकूंना नमस्कार.

आपला,
तुमच्या हाताखाली शिकलेला एक ड्युटी मॅनेजर