दारूची ओढ आणि औषधोपचार

महोदय,

दारू प्यायल्यावर मेंदूत एंडॉर्फिन हे सुखद वाटायला लावणारे रसायन स्रवते, ते ओपिऑइड रिसेप्टरवर (अफूसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूपेशींवरील जागांवर) काम करते आणि त्यातून डोपामाइन हे हवेहवेसे वाटायला लावणारे रसायन वाढून ‘आणखी एक’ घेण्याची ओढ बळावते. सकाळी थरथरत्या हाताने कपातला चहा बशीत सांडणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला आम्ही वर्षानुवर्षे घातलेल्या शपथा या ओढीपुढे टिकल्या नाहीत.

हेच रिसेप्टर अडवणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध अमेरिकेत १९९४ मध्ये दारूच्या व्यसनावर मंजूर झाले आणि ते आपल्याकडेही मिळते. ते सर्वांना सारखे लागू पडत नाही, अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्यांना तर देताच येत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतही हे औषध आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक