छकुलीच्या डोक्यावर तेल थोपू नका

वुर्झबुर्ग, जर्मनी
नोव्हेंबर अखेर

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीला नमस्कार, माझ्या धाकट्या बहिणीला, छकुलीला गोड पापा.

मी इथं मजेत आहे. थंडी आहे, पण खोली गरम असते, स्वेटर आहेत, जेवण वेळेवर होतं. वजन कमी झालेलं नाही, ते कॅमेऱ्यात तसं दिसतं. बाबांनी काळजी करू नये.

परवाच्या व्हिडिओ कॉलवर आईला माझे केस भुरकट दिसले आणि मग दुसरं काही बोलणंच झालं नाही. "काऊन वं, तेल लावणं सोडलं काय? समदे केस गळून जाईन ना!" आई, मी तेल सोडलेलं नाही. शनिवारी रात्री लावते, रविवारी सकाळी धुते. फक्त टाळूवर थापत नाही, खालच्या केसांना लावते. केस गळतात, ते सगळ्यांचेच गळतात. रोज 50 ते 100 केस गळणं हे निरोगी माणसाचंही चालू असतं. आपले केस लांब, म्हणून ते जमिनीवर दिसतात. एवढंच.

पण तेव्हा मागे छकुली रडत होती, ते मला ऐकू आलं. रविवारी न्हाऊन मंगळवारी डोकं पुन्हा चिप्प होतं, वर्गातल्या पोरी नावं ठेवतात आणि घरी बोलणी बसतात की नीट धुतच नाही. फोनवर तिची बाजू घ्यायला गेले तर आई रागावली. म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं लिहूनच काढते. बाबा, तुम्ही शांतपणे वाचून दाखवा. एक परिच्छेद फक्त आईसाठी आहे, तो आला की कागद तिच्या हातात द्या.

आई, छकुली घाण राहत नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी चामडीच्या आत तेलाची एक बारीक ग्रंथी असते. चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्या सगळ्यात दाट. लहानपणी त्या जवळजवळ झोपलेल्या असतात. मूल वयात आलं की अंगातले हार्मोन त्यांना जागं करतात आणि मग त्या तेल सोडायला लागतात, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. हे बरंचसं रक्तातूनच येतं. आत्याचे केस आठवा, लग्नाच्या फोटोतही कपाळाला चिकटलेलेच आहेत. त्यात छकुलीचे केस सरळ आणि बारीक. माझे कुरळे आहेत, मुळातलं तेल वळणावळणात अडकतं, शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून माझे कोरडे दिसतात. तिचं तेल सरळ खाली घसरतं. दोघींना तुम्ही एकाच बाटलीतलं तेल लावून वाढवलं, पण डोकी दोन तऱ्हेची आहेत.

आता तिच्या डोक्यात स्वतःचं तेल आधीच भरपूर आहे, त्यावर तुम्ही खोबरेल आणि एरंडी मिसळून रात्रभर मुरवता. एरंडी तर साध्या पाण्यानं निघतच नाही. वर दोन घट्ट वेण्या, त्यावर उन्हाचा स्कार्फ, मग घाम. घामानं ते तेल आणखी पसरतं. दहावीचं वर्ष आहे, डोकं थंड राहिलं पाहिजे, हे आजीचं म्हणणं मला कळतं. चोळून दिल्यानं बरं वाटतं हे खरंच आहे. पण ते बरं वाटणं आजीच्या हाताचं आहे, तेलाशिवायही ती चोळून देऊ शकते. तेल मेंदूपर्यंत जात नाही.

खोबरेल वाईट आहे असं मी म्हणतच नाही. 2003 साली आपल्याच देशातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल ताडून पाहिलं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झडतं, बाकीच्या दोघांना ते जमलं नाही. म्हणजे आजी बरोबरच होती. पण ते काम केसाच्या लांबीवर होतं, टाळूवर नाही. म्हणून छकुलीला न्हायच्या तासभर आधी कानाखालच्या केसांना थोडं खोबरेल लावा आणि धुऊन टाका. टाळूला हातच नको.

कोंड्याचं तर उलटंच आहे. कोंडा ज्या बुरशीमुळे वाढतो ती डोक्यावर सगळ्यांच्याच असते आणि तिचं खाणं म्हणजेच हे तेल. तेल लावलं की कोंडा चिकटून बसतो आणि गेल्यासारखा वाटतो, एवढंच. दोन दिवसांनी दुप्पट निघतो. तिला खाज असेल आणि पिवळट खपल्या निघत असतील तर डॉक्टरांना विचारून मेडिकलवरून कीटोकोनॅझोलचा (बुरशी मारणाऱ्या औषधाचा) शाम्पू घ्या. आठवड्यातून दोनदा, फेस डोक्यावर पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. लगेच धुतला तर पैसे वाया.

आता पाण्याचं. आपण खारपाणपट्ट्यातले, हे मी इथं कुणाला सांगितलं तर त्यांना कळत नाही. पूर्णेच्या काठचं ते बोअरचं पाणी, साबणाला फेसच येत नाही. त्या पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावला की पाण्यातला चुना आणि साबण मिळून एक चिकट साका होतो आणि तो केसांवरच बसतो. धुतलेले केस पुन्हा चिपचिपीत लागतात ते त्यामुळेही. छकुलीला धुता येत नाही असं नाही, पाणीच तसं आहे. इथलंही पाणी जड आहे, किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो, मी व्हिनेगर टाकून काढते. म्हणून साबण बंद, शाम्पूची पुडी आणा, शाम्पूचा तसा साका होत नाही. आणि शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं त्या दिवशी एक बादली तिच्यासाठी बाजूला ठेवा, शेवटचं पाणी त्याचं घ्यायचं. चुलीवरचं कढत पाणी नको, कोमट पुरे. पुडी दोन वेळा थोडी थोडी वापरायची, नखं न लावता बोटांच्या पेरांनी फक्त टाळू चोळायची. कंडिशनर हवंच असेल तर शेंड्यांना. दिवसाआड धुतलं तरी चालतं, उन्हाळ्यात रोज धुतलं तरी काही बिघडत नाही. रोज न्हाल्यानं सर्दी होते म्हणून अडवू नका, केस वाळवून शाळेत जाऊ द्या.

आणि आई, तिची फणी एकदा उजेडात धरून बघ. दातांच्या बुडाशी तेल, धूळ आणि मळ बसलेला असतो, धुतलेल्या डोक्यात तोच परत जातो. हप्त्यातून एकदा साबणाच्या पाण्यात फणी भिजव, उशीचा अभ्रा बदल. अभ्यास करताना तिचा हात सारखा केसांत असतो, तो तेवढा तिनं आवरावा.

(इथून फक्त आईनं वाचावं.) आई, तिची पाळी नुकतीच सुरू झाली आहे, पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होतेच. पण तीन-तीन महिने येत नसेल, तोंडावर पुटकुळ्या खूप असतील, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर तेलकट केस हे त्यातलंच एक लक्षण असू शकतं. दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टरांना दाखव. लग्नाच्या वयाला काय होईल वगैरे मनात आणू नको, याला औषध असतं. आणि पाळीच्या दिवसांत न्हाऊ नये असलं काही तिला सांगू नको. (आता बाबांना दे.)

हे सगळं मी ऐकीव सांगत नाही, नर्स म्हणून माझं रोजचं काम आहे. माझ्या वॉर्डात सगळी म्हातारी माणसं. ज्यांना उठता येत नाही त्यांचं डोकं पलंगावरच धुते. मानेखाली हवा भरलेलं रबरी टप ठेवायचं, त्याची नळी खाली बादलीत सोडायची, डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल, पाणी आधी आपल्या मनगटावर ओतून बघायचं. एका आजींचे केस आठवडाभर धुतले नाहीत तरी कोरडे राहतात, कारण वय झालं की बायकांच्या त्या ग्रंथी मंदावतात. आणि शेजारच्या खोलीत कंपवाताचे एक आजोबा आहेत. त्यांचं डोकं काल धुतलं तरी आज कपाळ तुपासारखं चमकतं, भुवयांत पिवळ्या खपल्या येतात. त्या आजारात बऱ्याचदा तसं होतं. त्यांच्या बायकोला वाटायचं की आम्ही त्यांच्याकडे लक्ष देत नाही. मी तिला शेजारी उभं करून सगळं दाखवलं, तेव्हा तिनं माझा हात धरला. त्या दिवसापासून छकुली माझ्या डोक्यातून जात नाही. जे अंगातूनच येतं त्याचा दोष माणसाला का द्यायचा?

छकुलीनं मला मेसेज करून "कोरडा शाम्पू" पाठव म्हटलं आहे. तिनं तो मोबाईलवर पाहिला असेल. इथं तो घरोघरी आहे आणि मला सुरुवातीला काही केल्या कळेना, म्हणून नीट सांगते. सकाळी सहाच्या ड्युटीला आम्ही कपडे बदलतो तिथं माझ्यासोबतच्या मुली पिशवीतून एक उंच डबा काढतात. तो खूप हलवतात. मग केसांची एकेक बट वर उचलून, वीतभर लांबून, मुळावर फुस्स करतात. सगळं डोकं पांढरं होतं, पीठ सांडल्यावर दिसतं तसंच! तशाच पांढऱ्या डोक्यानं त्या बुटांच्या नाड्या बांधतात, कॉफी पितात, एकमेकींशी बोलतात, कुणाला काही वाटत नाही. दोन-तीन मिनिटांनी डोकं खाली करून बोटांनी झटकतात, ब्रश फिरवतात आणि केस खरोखर धुतल्यासारखे फुगलेले. आत असतं काय, तर तांदळाचं नाहीतर मक्याचं स्टार्च. ते तेल शोषून घेतं. पाणी नाहीच. मी विचारलं, रात्री का धूत नाही? तर म्हणाल्या, दमून जातो, आणि सकाळी धुऊन ओल्या डोक्यानं या थंडीत बाहेर पडता येत नाही. त्यांच्या जागी ते बरोबरच असेल. पण त्यानं डोकं स्वच्छ होत नाही. तेल, घाम, मळ तिथंच राहतो, वर पिठाचा थर चढतो, आणि रोज रोज मारलं तर खाज सुटते. शिवाय डब्यात दाबून भरलेला वायू म्हणजे ब्युटेन, प्रोपेन, आपल्या सिलिंडरमधलाच. आपल्या स्वयंपाकघरात चूल आणि गॅस दोन्ही, तिथं हे नकोच. आणि डाकेनं असा डबा पाठवूही देत नाहीत. छकुले, रुसू नको. तुझ्यासाठी दोन चांगले कंगवे आणि मऊ टॉवेल घेऊन ठेवला आहे, कुणी येणारं मिळालं की पाठवते.

बाबा, या महिन्याच्या पगारासोबत वर्षाची जादा रक्कम मिळते, ती जमा झाली आहे. सोमवारी पाठवते. त्यातून आधी पीककर्जाचं व्याज भरून टाका, उरलेल्यातून आजीच्या मोतीबिंदूचं बघा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. एजंटाचा हप्ता मी इथूनच भरते, त्याचा विचार करू नका. कापूस घरात भरला आहे, आईला खाज सुटते म्हणाली. भाव वाढेल म्हणून किती थांबायचं ते तुम्हीच ठरवा, पण माझे पैसे आले म्हणून तरी पडेल त्या भावात देऊ नका. चण्याला फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधा, दरवेळी सांगावं लागतं.

मामांच्या घरच्या लग्नाला फेब्रुवारीत येणं होत नाही. सुट्टी मागितली होती, तेव्हा माझी परीक्षा आहे. ती झाली की इथं माझी नर्सची पदवी पूर्ण मान्य होते आणि पगारही वाढतो. आहेराचे पैसे वेगळे पाठवते. मामींना राग येईल, आईनं समजावावं. नवरीला हळद लावायला मी असायला हवी होते, हे मलाही कळतं.

अकोटचं स्थळ मामांनी आणलं ते वाचलं. मुलगा पुण्यात आहे, माणसं चांगली आहेत, सगळं मान्य. मी नाही म्हणत नाही. परीक्षा होईपर्यंत तेवढं थांबा, आणि त्यांना आधीच स्पष्ट विचारा, लग्नानंतर मी नोकरी केलेली चालेल का आणि काही वर्षं इथं राहिलेलं चालेल का. ते लपवून काही ठरवू नका. फोटो मागितला आहे तर याच रविवारी काढून पाठवते. आई म्हणते तेल लावून वेणी घालून काढ. वेणी घालते. तेल नाही लावणार, आई. त्यांना माझे केस आहेत तसे दिसू देत.

छकुलीचा अभ्यास मी घ्यायचे, आता कुणी नाही, हे आठवलं की बरं वाटत नाही. बीजगणिताची शिकवणी लावा, फी मी देते. तिला पोरींसमोर, पाहुण्यांसमोर केसांवरून बोलू नका, एवढी माझी विनंती आहे.

सगळ्यांनी तब्येतीला जपा. फोन रविवारीच करा, बाकी दिवस ड्युटी असते.

तुमची,
ताई

ता.क. सोमवारचे पैसे बाबांच्या खात्यात येतील, सोसायटीच्या नाही. आल्यावर लगेच मेसेज करा. शाम्पूच्या पुड्यांचे पैसे त्यातूनच घ्या, छकुलीच्या खाऊच्या पैशांतून नको.