कात्री धरलेला माणूस

प्रिय दिगू,

परवा लंडनच्या नॅशनल गॅलरीत एका शिंप्यापुढे बराच वेळ उभा होतो. मोरोनी नावाच्या चित्रकाराने १५७० च्या सुमारास, उत्तर इटलीत बेर्गामोकडे रंगवलेला. हातात कात्री, टेबलावर काळं कापड, त्यावर खडूच्या पांढऱ्या रेघा. कापता कापता गिऱ्हाईक आलं की शिंपी मान वर करून अंदाज घेतो ना, तसा तो आपल्याकडे बघतो.

यात मोठंसं काय, म्हणशील. अरे, तेव्हाच्या जाणत्यांच्या मते चित्र काढावं ते राजाचं, सेनापतीचं, फार तर कवीचं. पुढच्यांनी ज्याचा कित्ता गिरवावा त्याचं. व्हेनिसमधला लेखक आरेतिनो, ज्याच्या लेखणीला राजेसुद्धा वचकून असत, १५४५ मध्ये एका पत्रात चरफडतो: या शतकाला लाज नाही, आता शिंपी आणि खाटीकही चित्रांत दिसायला लागले! आणि हा गृहस्थ कोण, तर जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. त्याच वर्षी व्हेनिसचा नामवंत चित्रकार तिशियन याने त्याचं चित्र काढलं. ते फ्लॉरेन्सच्या ड्यूककडे पाठवताना याची कुरकुर काय, तर चित्रकाराला आणखी पैसे मोजले असते तर अंगावरचं कापड खऱ्यासारखं मऊ, चकाकतं दिसलं असतं. शिंप्यांवर राग, पण जीव सगळा झग्यात!

पैसा आला तशी हौसही आली होती. १५८४ मध्ये लोमात्सो नावाचा चित्रकार-लेखक तक्रार करतो की ज्यांनी उपसलेली तलवार कधी पाहिली नाही, कानावर लेखणीच शोभावी, असे व्यापारी-सावकार चिलखत चढवून चित्रं काढून घेतात. मला मोरोनीचा शिंपी आवडला तो इथेच. त्याचं नाव कुणी नोंदलेलं नाही, पण माणूस खाऊनपिऊन सुखी आहे: साईच्या रंगाचा नीटस डगला, खाली लाल तुमान, बोटात अंगठी. तरी हातात कात्रीच. काळं कापड बहुधा गिऱ्हाइकाचं. स्पेनच्या दरबाराच्या वळणाने तेव्हा बडी मंडळी काळ्यात वावरायची, आणि पक्का काळा रंग चढवणं महागाचं काम होतं.

याच मोरोनीने १५६० मध्ये ग्रुमेल्ली नावाच्या सरदाराला गुलाबी पोशाखात नखशिखान्त रंगवलंय. तिथे भपका आहे, उंची आहे. चेहरा मात्र त्याने दोघांचाही सारख्याच बारकाईने पाहिला, कुणाची खुशामत नाही. मला विचारशील तर खरा बदल हाच. शिंप्याचं चित्र निघालं यापेक्षा ते सरदाराच्या तोडीच्या नजरेने निघालं.

सोबत फोटो आहे, तो मोठा करून काकांना दाखव. खडूच्या रेघांवरून काय बेतलंय ते त्यांना कळतं का बघ, आणि कात्री धरलीय ती कामाला लावायची पकड की नुसती चित्रासाठी, तेही विचार. लगेच कळव.

तुझा,
अवि