आवाजाचा दोष मुलांच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मरणशक्ती आणि अभ्यासाची जागा यांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवतात, हे दाखवणारा गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांचा पाणबुड्यांवरचा (पाण्यात बुडी मारणाऱ्यांवरचा) त्यातला प्रयोग खराच आहे. पण त्यावरून ‘परीक्षेसारख्याच खोलीत अभ्यास करा’ असा सल्ला देताना पुढचा भाग का गाळला? त्याच गॉडन आणि बॅडली यांनी १९८० मध्ये शब्द आठवायला न सांगता नुसते ओळखायला सांगितले, तेव्हा जागेमुळे पडणारा फरक दिसला नाही. १९७८ च्या दुसऱ्या एका प्रयोगात तर एकच यादी दोन वेगळ्या खोल्यांत वाचलेल्यांना ती जास्त आठवली. मुलांना एका टेबलाशी जखडून ठेवायला सांगण्याआधी हे वाचकांना कळायला हवे होते.

असो. मला खरा संताप आला तो लेखातल्या ‘मन लावून शिकणाऱ्याला आवाज ऐकूच येत नाही’ या वाक्याचा.

माझ्या मुलीच्या वर्गाच्या खिडकीखाली लोखंड कापण्याचे वर्कशॉप आहे. कटर सुरू झाला की बाई खडू हातात धरून थांबतात, आवाज थांबला की पुढचे वाक्य घेतात. मधले गेले ते गेलेच. तिच्या श्रुतलेखनाच्या वहीत जागोजागी शब्द सुटले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी लाल शाईने लिहिले आहे, ‘लक्ष कुठे असते?’ शेजारी बसणाऱ्या मुलीची वही मागून पाहिली, तर तिचेही तेच शब्द सुटलेले! दोघींचे लक्ष एकाच शब्दाला उडाले म्हणायचे का? पालकसभेत दोन्ही वह्या दाखवल्या. उत्तर मिळाले, ‘घरी एकाग्रतेची सवय लावा.’ त्यावर आता तुमच्या लेखाचे कात्रण शाळेच्या फलकावर लागले आहे.

म्हणून न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या एका शाळेचे उदाहरण देते. तिथे उन्नत रेल्वेमार्ग शाळेजवळून जात होता. मानसशास्त्रज्ञ ॲर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात पलीकडच्या शांत वर्गांतल्या मुलांच्या मागे पडली होती. शाळा तीच, फरक भिंतीच्या अलीकडचा नि पलीकडचा. नंतर रुळांखाली रबराचे थर घातले, वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली. १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले वाचनात बरोबरीला आली होती. एकाग्रतेचे शिबिर कोणी घेतले नव्हते, आवाज कमी केला होता.

आमचे मागणे तर त्याहून साधे आहे. मागच्या बाजूची, अंगणाकडची खोली वर्षभर कुलपात आहे, तिच्यात जुनी बाके रचून ठेवली आहेत. बाके इकडे आणा, मुलांना तिकडे बसवा. एवढ्यासाठी तीन अर्ज दिले, एकाचीही पोच मिळालेली नाही.

‘आवाज ऐकूच येत नाही’ या वाक्याचा खुलासा तुम्ही याच पुरवणीत, लेख होता त्याच जागी छापावा ही विनंती. आणि मुलांच्या पानावर गडद निळ्या रंगावर काळी बारीक अक्षरे छापणेही कृपया थांबवा. यावेळचे शब्दकोडे मोठ्यांनाही दिव्याखाली धरून वाचावे लागले.

कळावे,
एक पालक