कलिंगडाला उगाच शिक्षा

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या आरोग्याच्या पानावर ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे कुठल्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते त्या आकड्यांचा तक्ता आला होता ना, तो आमच्या आईने कापून फ्रिजवर चिकटवलाय आणि तेव्हापासून घरात कलिंगड बंद. का तर त्याच्यापुढे ७६ लिहिलंय, तेही लाल रंगात. आईस्क्रीमपुढे मात्र साठच्या आतला आकडा, म्हणून ते म्हणे चालतं! आईला शुगर आहे त्यामुळे मला हे हसण्यावारी नेता येईना.

अहो, तो आकडा नेमका किती खाल्ल्यावरचा हे तक्त्यात कुठेच नाही. १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली. ज्यात ५० ग्रॅम पचणारे कार्ब्स (म्हणजे स्टार्च आणि साखर) भरतील तेवढा पदार्थ माणसाला उपाशीपोटी द्यायचा, दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्तातली साखर बघायची आणि ५० ग्रॅम ग्लुकोजने ती जेवढी चढते त्याच्याशी ताडून पाहायची. ग्लुकोजचा आकडा १०० धरायचा; मग ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. आता कलिंगडातून ५० ग्रॅम कार्ब्स मिळवायचे तर साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास नुसता गर खावा लागेल, सगळं पाणीच तर असतं त्यात. आई खाते दोन फोडी. शंभर ग्रॅम गरात कार्ब्स जेमतेम ७-८ ग्रॅम, त्याला ७६ ने गुणा, १०० ने भागा, येतात ६ च्या आसपास. याला ग्लायसेमिक लोड म्हणतात आणि १० पर्यंत तो कमीच धरतात. हाच हिशोब दीडशे ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भाताचा केला तर ३० च्या घरात जातो, आणि तो भात आई बिनधास्त परत वाढून घेते कारण आकडा कलिंगडापेक्षा दोन-तीनने कमी दिसतो!

आईस्क्रीमचं म्हणाल तर त्यातल्या फॅटमुळे पोट हळू रिकामं होतं, म्हणून साखर सावकाश चढते. आकडा कमी आला तरी साखर आणि फॅट आहे तेवढंच. बटाटासुद्धा गरम खाल्ला तर एक आकडा, उकडून गार केला तर त्यापेक्षा कमी, कारण गार होताना थोडा स्टार्च न पचणारा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता छापाल तर शेजारी किती ग्रॅम खाल्ल्यावर किती लोड हा एक रकाना तेवढा टाका, आणि लाल रंग जरा जपून वापरा.

आपला,
एक वाचक

ता. क. कलिंगड परत सुरू झालंय, आईस्क्रीमवरून मात्र अजून वाद चालू आहे.