अण्णा, माझा सूर कुठं गळत होता ते तुम्ही दाखवलंत

तीर्थस्वरूप अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी बेस गिटार दुरुस्त करून दिल्याबद्दलचं पैशांचं पाकीट तुम्ही दोनदा परत माझ्या खिशात कोंबलंत, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं मुद्दाम लिहितोय, कारण सोलापुरात बेस गिटार वाजवणारे आम्ही बरेच जण आहोत, आणि कुणाचा सूर असाच मधे विझत असेल तर त्याला हे कळायला हवं.

संथ गाण्यात बेसवाला एक सूर धरतो आणि त्या सुरावर गायक उभा राहतो. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका गाण्यात मला सी हा सूर चार मात्रा धरायचा असतो, म्हणजे त्या लयीत साधारण 4 सेकंद. जी नावाच्या तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या धातूच्या पट्टीपाशी, तो माझ्या बेसवर दीड सेकंदात संपायचा. अलीकडचे-पलीकडचे फ्रेट घुमायचे, हा एकटा 'डुब्ब' करून खाली बसायचा. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमात गायिकेनं त्या जागी मागं वळून पाहिलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कुणी म्हणालं अँप, म्हणजे आवाज मोठा करणारं मशीन, बदल, कुणी म्हणालं सूर लांबवणारं कंप्रेसर पेडल घे. तारा नव्या टाकून झाल्या. त्यानं आवाज चकचकीत झाला, पण ती जागा तशीच मेलेली. मग लेझीम पथकातल्या मित्रानं तुमच्याकडं पूर्व भागात आणलं. उभा जन्म यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून गेलेला माणूस गिटारीचं काय करणार, असं मला वाटलं होतं. त्याबद्दल आज माफी मागतो.

तुम्ही पहिली गोष्ट सांगितलीत, "ते मशीन बंद कर." अँपची वायर काढली. तुम्ही बेसच्या लाकडाला कान लावलात, एक बोट वर खुंट्यांपाशी ठेवलंत आणि मला एकेक फ्रेट वाजवायला लावलात. पाचव्याला आलो तसं म्हणालात, "इथं बोट ठेव की. बघ कसं थरथरतंय." मी ठेवलं. बाकीच्या सुरांना ते लाकूड शांत होतं, सी वाजला की बोटाला मुंग्या आल्यासारखं कापत होतं. "सूर इथनं गळतोय. मागाचा बोल्ट सैल असला की ठोका कापडाला न लागता सांगाड्याला लागतो, तसंच हे."

हे वाक्य मी विसरणार नाही. कारण त्यातच सगळं आहे. तो सी सेकंदाला सुमारे 131 वेळा कंप पावतो, आणि माझ्या बेसच्या नेकला, म्हणजे लांब दांडीला, त्याच्या आसपासच हलायची सवय. तारेत घातलेली ताकद नेक ओढून घेतो, तार रिकामी पडते. तोच सी डी तारेवर दहाव्या फ्रेटला वाजवला तर चांगला टिकत होता, म्हणजे दोष त्या सुराचा नव्हता, त्या जागेचा होता. 1951 मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून 34 इंची तार आणि स्क्रूनं बसवलेला लांब नेक ही घडण रुळली, आणि अशा कितीतरी बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी अशी मेलेली जागा सापडते. माझा बेस खोटा निघाला असं मी महिनोन्‌महिने समजत होतो. तुमच्या ओसरीवर ते ओझं उतरलं.

तरी तुम्ही आधी बारीकसारीक उरकलंत. तारा ताणलेल्या असतानाच नेकचे चारही स्क्रू पाव पाव फेरा सैल केलेत. 'टक्' असा आवाज आला, नेक खाचेत नीट बसला, मग स्क्रू आवळलेत. पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा चुंबकाचा भाग, तारांच्या फार जवळ होता, त्याचं चुंबक तारेला धरून ठेवत होतं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घालून तुम्ही तो 3 मिलिमीटर खाली नेलात. खुंटीवरचे वेढे मी वरवर चढवले होते. ते खाली उतरते घेतलेत, म्हणजे तार नटवर, खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीवर, घट्ट दबते. एवढ्यानं सगळा बेस मोकळा झाला. पाचवा फ्रेट मात्र अजून रुसलेला.

तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही शिकंजा आणलात आणि खुंट्यांच्या लाकडाला आवळलात. वजन वाढलं, नेकची चाल मंदावली, आणि सी घुमला! मी पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ती मेलेली जागा नाहीशी झाली नव्हती, खाली सरकून बी आणि सी यांच्या मधे, कुठल्याच फ्रेटवर न येणाऱ्या ठिकाणी गेली होती. शिकंज्याच्या वजनाएवढी पितळी पट्टी तुम्ही कानस घासून तयार केलीत आणि मागच्या बाजूला बसवलीत. ती बसल्यावर सी घड्याळावर 5 सेकंदांच्या पुढं गेला. बेसचं डोकं आता जड झालंय, म्हणून रुंद पट्टा घेतला आहे.

मे महिन्यातल्या उकाड्यात तीन संध्याकाळी तुम्ही एका परक्या पोरासाठी दिल्यात. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढ्यात ठेवल्याशिवाय एकदाही उठू दिलं नाही. परवा ते गाणं पुन्हा झालं. चारही मात्रा भरल्या, आणि गायिका मागं वळली नाही.

तुमचा फीलर गेज चुकून माझ्या केसमध्ये राहिलाय. रविवारी सकाळी घेऊन येतो. बेसही आणतो, ई तारेचा नट एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे.

आपला,
बेसवाला पोरगा