फोटोच्या मागे नावं लिही

नौपाडा, ठाणे
त्रिपुरी पौर्णिमा

प्रिय वृंदा,

आमचं दिवाळीचं कार्ड तू देवघराशेजारच्या कपाटावर उभं करून ठेवलंस, हे मी आईला सांगितलं. त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवते आहे. आता तुला नातवाच्या बोरनहाणाचं तसंच कार्ड करायचंय म्हणालीस. फोनवर घाईत सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी फोटो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे पांढरे दागिने आपल्या डोळ्यांना किती गोड दिसतात, पण फोन त्यात गडबडतो. समोर काळं जास्त असलं की तो सगळंच उजळ करायला बघतो. मग बाळाचा चेहरा फटफटीत येतो आणि हलव्याचा काटा दिसतच नाही, नुसते पांढरे ठिपके उरतात. तू इतके दिवस खपून पाकाचे चटके सोसत काटा फुलवणार, तो दिसायलाच हवा ना! म्हणून स्क्रीनवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकव. बाजूला छोटा सूर्य दिसेल, तो जरासा खाली ओढ. ट्यूबलाइट बंद कर, पाट खिडकीजवळ मांड आणि तू स्वतः जमिनीवर बस, म्हणजे फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल. हा फोटो बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतायच्या आधी काढ. एकदा पोरं बोरं वेचायला धावली की फोटोत फक्त पाठी येतात.

दिवसांची काळजी करू नकोस. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतोच, त्यामुळे संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांत बोरनहाण उरकलंस तर कार्डं वेळेत पोचतील. आम्ही दिवाळीसाठी दसऱ्यालाच फोटो काढला होता. दाराला झेंडूचं तोरण, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे आणि पुढे लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस हातात.

तरी त्यात एक चूक झाली, ती तू करू नकोस. मी चार बाय सहाच्या प्रिंट सांगून मोकळी झाले आणि हातात आलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या दादाचं कपाळच गायब! फार वाईट वाटलं. घरी पट्टी घेऊन बसले तेव्हा कारण कळलं. फोनचा फोटो चारास तीन या मापाचा असतो. तो सहा इंच रुंद केला की उंची साडेचार इंच होते आणि कागद तर चारच इंचांचा. म्हणजे वरून पाव इंच आणि खालून पाव इंच जाणारच. तेव्हा फोटो काढतानाच दोन पावलं मागे सर आणि डोक्यावर मोकळी जागा ठेव. किंवा फोनमध्येच तीनास दोन या मापात कापून मग दे. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवलास तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, एरवी तो फोटो दाबून लहान करतो. आणि प्रिंट मॅट घे. चकचकीत फोटोवर प्रत्येकाच्या बोटांचे ठसे उठतात.

कागदाचं सोपं आहे. जांभळी नाक्यावरून मी ए-फोर मापाची जाड कार्डशीट आणली, अडीचशे जीएसएमची. तशीच तुझ्याकडे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. मधोमध एकदा दुमडली की झालं कार्ड. वाचवायला म्हणून शीट अर्धी कापून तिचं छोटं कार्ड करू नकोस, फोटो त्यापेक्षा चार मिलिमीटर लांब भरतो. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर फाटल्यासारखा दिसतो, म्हणून आधी स्टीलची पट्टी धरून संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढ. मग घडी अशी पडते की हात फिरवत राहावंसं वाटतं. पाकीट मात्र कार्ड सोबत नेऊन, आत घालून बघूनच घे. आणि त्यात हलवा घालू नकोस. लहानपणी आपण घालायचो आणि पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचं पीठ व्हायचं, आठवतं?

फोटो चिकटवायला पहिल्या दोन कार्डांना मी फेव्हिकॉल वापरला. त्यातल्या पाण्याने कागद फुगला. रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवला तरी सुरकुती गेली नाही. मग आईने सुचवलं, जुन्या अल्बममध्ये असायचे तसे कोपरे कर. सोनेरी कागदाच्या बोटभर पट्ट्या कापल्या, दोन्ही टोकं खाली दुमडून त्रिकोण केले आणि ते फोटोच्या चारही कोपऱ्यांवर चढवून फक्त त्रिकोणांच्या मागे गोंद लावला. फोटोला गोंदाचा थेंबही लागत नाही. कुणाला तो काढून फ्रेम करायचा असेल तर अलगद निघतो. माझ्या मते कार्ड असंच करावं.

फोटो कोपऱ्यांतून बाहेर काढला की त्याच्याखाली कार्डावर जी रिकामी जागा उघडी पडते, तिथे मी सगळ्यांची नावं लिहिते, डावीकडून उजवीकडे, साल आणि गावासकट. फोटोच्या पाठीवर लिहीत नाही. हल्लीच्या प्रिंटची पाठ गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनची शाई पुसटते. वृंदा, बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे मात्र नक्की कर.

का, ते सांगते. नवरात्राच्या साफसफाईत आईचा बिस्किटांचा डबा निघाला. त्यात दातेरी कडांचे दोन फोटो होते. एकाच्या मागे आजोबांच्या निळ्या शाईत 'संक्रांत १९६१' आणि पाच नावं. तो फोटो घेऊन आई तासभर बोलत होती, कोण कुणाची कोण, कुणाच्या लग्नात काय झालं. दुसऱ्यात आपल्या जुन्या चाळीच्या जिन्यावर तीन मुली बसल्या आहेत. एक आई, एक मावशी. तिसरी दोन वेण्यांची, मांडीवर मांजर घेतलेली. मागची बाजू कोरी. आईने चष्मा पुसून पुसून पाहिलं, पण ती कोण ते तिला सांगता आलं नाही. म्हणाली, "रोज माझ्याबरोबर खेळायची गं ही." त्या दिवशी ती नीट जेवलीही नाही.

म्हणूनच यंदा नुसत्या शुभेच्छा पाठवायच्या नाहीत, फोटो आणि नावं पाठवायची, असं मी ठरवलं. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं भेटकार्ड छापून घेतलं, त्यावरही मधोमध एकत्र बसून सण साजरा करणारं कुटुंबच आहे. लेकीने मला ते चित्र दाखवलं तेव्हा फार बरं वाटलं.

जिन्यावरच्या त्या फोटोची एक प्रत या पत्रासोबत ठेवली आहे, कोपऱ्यांत बसवून. तुझी आई त्याच चाळीत वाढली. तिला दुपारी, झोप झाल्यावर, खिडकीजवळ बसवून दाखव. नाव कळलं की रात्र असली तरी फोन कर. जुन्या फोटोची पाठ खरखरीत असते, तिथे पेन्सिल छान उठते. मी टोक करून डब्यातच ठेवली आहे.

तुझी,
नीलू